गावावर राहिलेली मैना आणि राज्याची मागणी

पोटासाठी परमुलखात गेलेल्या किंवा जीव वाचविण्यासाठी परागंदा झालेल्या माणसाने आपल्या सुटलेल्या भूमीकरिता राज्य मागावे काय, आणि मागावयाचे तर कोणत्या मार्गाने, हा प्रश्न मराठी वाचकांस प्रथमदर्शनी परका वाटण्याचा संभव आहे. लंकेतील तामिळ लोक कॅनडा, इंग्लंड, नॉर्वे, स्वित्झर्लंड अशा दूरच्या देशांत विखुरले आणि तेथून ते 'ईलम'ची मागणी करीत आले, एवढे वर्तमानपत्रांतून आपल्या कानांवर आलेले असते. पण तो आपला प्रश्न नव्हे, असे मनाशी म्हणून आपण पान उलटतो. आमचे म्हणणे असे की, प्रश्न आपलाच आहे. इतकेच नव्हे, तर त्यावर मराठीत एक अस्सल रचना होऊन गेली आहे, आणि ती कोणा राज्यशास्त्राच्या पंडिताने नव्हे, तर शाळेत जेमतेम पाऊल टाकलेल्या एका गिरणी-कामगाराने केलेली आहे. अण्णा भाऊ साठे यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड म्हणजेच ती रचना होय.

या छक्कडीचे नाव ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळा. परंतु जी गोष्ट सर्वांच्या ओठांवर असते ती कोणाच्या विचारात असत नाही, असा अनुभव आहे. एका पक्षाचे रसिक तिला लोकगीत म्हणून डोक्यावर घेतात आणि ढोलकीच्या ठेक्यावर मान डोलावून मोकळे होतात. दुसऱ्या पक्षाचे टीकाकार तिला चळवळीचे प्रचारगीत ठरवून वाङ्मयाच्या दाराबाहेर उभी करतात. दोघांनीही ती नीट वाचलेली नाही, असे आम्हांस नम्रपणे म्हणावेसे वाटते. या लेखात आम्ही ती वाचून पाहणार आहोत; आणि तिचे गुण सांगताना तिच्यातील एक उणीवही सांगणार आहोत. कारण ती उणीव एकट्या अण्णा भाऊंची नसून, दूर राहून मायभूमीचे राजकारण करणाऱ्या सर्वांचीच आहे.

कवीचे चरित्र येथे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. अण्णा भाऊ १९२० साली वाळवे तालुक्यातील वाटेगाव येथे मातंग समाजात जन्मास आले. लहान वयातच ते वडिलांबरोबर मुंबईची वाट तुडवीत निघाले. मुंबईत त्यांनी मिळेल ती मजुरी केली, गिरणीत काम केले, घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत संसार केला, आणि शाहीर अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभारून कामगारवस्त्या जागविल्या. १९६९ साली ते निवर्तले. म्हणजे छक्कडीतला 'मी' हा कल्पिलेला नायक नव्हे. सातारा-सांगलीकडून आणि कोकणातून मुंबईच्या गिरण्यांत व गोद्यांत आलेली, बायकामुले गावाकडे ठेवून खाणावळीत जेवणारी आणि एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी जी लक्षावधी मराठी माणसे होती, त्यांचाच तो 'मी' आहे. ते आपल्याच भाषेच्या मुलखात होते. तरी घरापासून तुटलेले म्हणून प्रवासीच होते.

आता रचना पाहू. आरंभी कवी गावाकडे राहिलेल्या पत्नीचे रूप वर्णितो. लावणीच्या परंपरेस अनुसरून हे वर्णन नखशिखान्त आहे. पण त्यास दारिद्र्याची किनार आहे, कारण ताटातूट झाली ती गरिबीमुळे. नंतर मुंबई येते, तिची श्रीमंती आणि तिची भूक, तिथले सज्जन आणि तिथले भामटे. पुढे संयुक्त महाराष्ट्राचा लढा उभा राहतो आणि अखेरीस कवी म्हणतो की, आपल्या मैनेची जी अवस्था तीच खंडित महाराष्ट्राची: बेळगाव, कारवार, डांग आणि उंबरगाव दुसऱ्याच्या हाती राहिले. पत्नीचा विरह आणि भूमीचा विरह यांची गाठ येथे बसते.

ही गाठ म्हणजे रूपक आहे, असे म्हटले जाते. आम्हांस ते मान्य नाही. रूपकात एक वस्तू खरी असते आणि दुसरी तिच्यावर लादलेली असते. भारतमातेची जी असंख्य गीते आपल्याकडे झाली त्यांत माता ही लादलेली आहे. कवीला भूमी म्हणावयाची असते, म्हणून तो माता म्हणतो. येथे तसे नाही. येथे दोन्ही विरह खरे आहेत आणि दोहोंचे कारण एकच आहे: आपल्या जगण्याविषयीचे निर्णय आपल्या हाती नाहीत. गावात पोट भरत नाही हा निर्णय कामगाराने केलेला नसतो. उंबरगाव कोणत्या राज्यात घालावयाचे हा निर्णयही त्याला विचारून झालेला नसतो. म्हणून एका दुःखातून दुसऱ्या दुःखात जाताना कवीला उडी मारावी लागत नाही. तो सरळ चालत जातो. प्रचारगीत आणि काव्य यांतील भेद नेमका येथे आहे, असे आमचे मत आहे.

उंबरगावचे नाव वाचताना आम्ही भिवंडीकर थोडे अधिक थबकतो. तो तालुका त्या काळी आमच्याच ठाणे जिल्ह्यात होता. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा त्याचा बराच भाग गुजरातकडे गेला आणि उरलेल्या गावांचा तलासरी तालुका झाला. डांगही गुजरातेत गेले. राज्य मिळाल्याचा उत्सव आपण दरवर्षी करतो. राज्य मिळविताना काय सोडावे लागले याची यादी मात्र एका छक्कडीत जपलेली आहे. वाङ्मयाची ही सेवा लहान नव्हे.

तथापि, छक्कडीने राज्य मिळत नाही, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. संयुक्त महाराष्ट्राचा इतिहास शाहिरीच्या आवेशात सांगण्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की, त्यातील कंटाळवाणे, चिकाटीचे काम आपण विसरतो. १९४६ साली बेळगाव येथे ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या साहित्य संमेलनात एकीकरणाची मागणी झाली. त्याच वर्षी संयुक्त महाराष्ट्र परिषद उभी राहिली. विदर्भाच्या मनातील शंका दूर करण्याकरिता १९४७ साली अकोल्यास आणि १९५३ साली नागपुरास लेखी करार झाले. दार आयोगाने १९४८ साली भाषिक राज्यांविरुद्ध कौल दिला. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ साली मुंबईचे द्विभाषिक राज्य आणि वेगळा विदर्भ सुचविला. त्यानंतरच्या आंदोलनात, विशेषतः नोव्हेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मधील गोळीबारांत, शंभरांहून अधिक माणसे प्राणास मुकली. चिंतामणराव देशमुखांनी केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यास संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. तीत एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष एकत्र आले. आणि १९५७ च्या निवडणुकीत तिने पश्चिम महाराष्ट्रात व मुंबईत सत्ताधारी पक्षास असा धक्का दिला की, तीन वर्षांच्या आत दिल्लीला आपला निर्णय फिरवावा लागला.

या मालिकेकडे बारकाईने पाहिल्यास तिच्यात दोन गोष्टी दिसून येतात. पहिली ही की, हुतात्म्यांच्या रक्ताने लोकांची मने बदलली. पण दिल्लीचे मन बदलले ते मतपेटीने. दुसरी ही की, मागणीला शिरण्याजोगे एक दार अस्तित्वात होते. आपल्या राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाप्रमाणे संसद साध्या कायद्याने नवे राज्य निर्माण करू शकते. संबंधित विधिमंडळाचे मत मागविले जाते, परंतु ते बंधनकारक नसते. दार कुलूपबंद नव्हते, जड होते इतकेच; पुष्कळ हातांनी पुष्कळ वर्षे लोटल्यावर ते उघडले.

हेच दार पुढे आमच्या शेजाऱ्यांनीही लोटले. भिवंडीत पद्मानगर नावाची वस्ती आहे. तेथे तेलुगू बोलणारी पद्मशाली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. हातमागाचा धंदा बसला तशी ती तेलंगणाच्या गावांतून सोलापूर, मुंबई, भिवंडी अशा ठिकाणी आली. त्यांच्या मायप्रांताची कथा आपल्या कथेची उलटी बाजू आहे. आपण एका भाषेचे एक राज्य मागितले. तेलंगणाने एकाच भाषेची दोन राज्ये मागितली. १९५६ साली काही अटी लिहून घेऊन तेलंगण आंध्रात सामील झाले. त्या अटी पाळल्या गेल्या नाहीत, या तक्रारीतून १९६९ साली मोठे आंदोलन पेटले आणि विझले. २००१ पासून ती मागणी पुन्हा संघटित झाली. जानेवारी २०१४ मध्ये आंध्र प्रदेशच्या विधानसभेने विभाजनाचे विधेयक फेटाळले. तरी फेब्रुवारीत संसदेने ते संमत केले आणि २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य झाले.

पण या राज्याने भिवंडीतल्या विणकराला काय दिले? अभिमान दिला, आणि अभिमान ही क्षुद्र वस्तू नव्हे. परंतु त्याचा माग भिवंडीतच खडखडतो, त्याचे मत भिवंडीतच पडते, आणि त्याची मुले शाळेत मराठी शिकतात. राज्य त्याच्या भाऊबंदांना मिळाले. त्याला मिळाली ती बातमी. दूर राहणाऱ्याच्या राज्यप्रेमात हा एक निःस्वार्थपणा असतो, आणि त्यातच एक धोकाही असतो. कारण जे राज्य मागावयाचे त्यात आपल्याला राहावयाचे नसते.

हा धोका किती वाढू शकतो, हे लंकेतील तामिळांच्या इतिहासावरून कळते. मे १९७६ मध्ये वट्टुकोट्टै येथे तामिळ संयुक्त मुक्ती आघाडीने स्वतंत्र राज्याचा ठराव केला. १९७७ च्या निवडणुकीत त्याच ठरावावर कौल मागून तिने १८ जागा मिळविल्या आणि अमृतलिंगम विरोधी पक्षनेते झाले. मार्ग राजकीयच होता. परंतु लंकेच्या १९७८ च्या घटनेने देशास एकात्म म्हणून पक्के केले आणि १९८३ च्या सहाव्या दुरुस्तीने वेगळ्या राज्याचा पुरस्कार करणेच गुन्हा ठरविले. आपल्यासमोर जड का होईना, दार होते. त्यांच्यासमोर भिंत बांधण्यात आली. त्याच वर्षीच्या जुलैतील भीषण हत्याकांडानंतर लक्षावधी तामिळ देशोधडीस लागले आणि राजकारण बंदुकीच्या हाती गेले. बंदुकीने आपल्या माणसांनाही सोडले नाही. १९८९ साली अमृतलिंगम यांना वाघांच्या संघटनेने मारले. त्याच वर्षी जाफना विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकविणाऱ्या रजनी तिरणगम यांची सायकलवरून घरी जाताना हत्या झाली. तिचा ठपका त्यांच्या निकटवर्तीयांनी याच संघटनेवर ठेवला. त्या इंग्लंडात सुखाने राहू शकल्या असत्या. पण त्या परत आल्या आणि सहकाऱ्यांसह 'द ब्रोकन पाल्मायरा' हा ग्रंथ लिहू लागल्या. लष्कर, भारतीय शांतिसेना आणि वाघ या तिघांचेही अत्याचार गावावर राहिलेल्या माणसाच्या नजरेने नोंदविणे, हा त्याचा हेतू होता.

मे २००९ मध्ये युद्ध संपले. त्या सुमारास आणि पुढील वर्षभरात नॉर्वे, फ्रान्स, कॅनडा, स्वित्झर्लंड, इंग्लंड इत्यादी देशांतील तामिळांनी आपापसांत मतदान घेऊन वट्टुकोट्टैच्या ठरावाला जवळजवळ एकमुखाने होकार दिला, आणि २०१० साली निवडणुका घेऊन तामिळ ईलमचे एक देशोदेशीचे शासन स्थापिले. बंदूक टाकून मतपेटी उचलली, हे अभिनंदनीयच होय. परंतु ज्या दिवसांत हे मतदान सुरू झाले त्याच दिवसांत वन्नी भागातील अडीच लाखांहून अधिक तामिळ काटेरी तारांच्या छावण्यांत होते, आणि त्यांना कोणीच काही विचारीत नव्हते. पुढे २०१३ साली उत्तर प्रांतिक मंडळाची निवडणूक झाली तेव्हा तेथील लोकांनी तामिळ राष्ट्रीय आघाडीला ३८ पैकी ३० जागा दिल्या. तीत त्यांनी मागितले ते जमीन, पोलीस आणि कारभार यांवरील अधिकार. ते मागणे परदेशातील ठरावाहून लहान असेल. पण ते त्या भूमीवर उभे राहून केलेले होते.

आता आम्ही छक्कडीकडे परत येतो आणि आरंभी उल्लेखिलेली उणीव सांगतो. या रचनेत मैना बोलत नाही. ती रुसते, मनातून खचते, निरोप देत उभी राहते. पण तिच्या तोंडी शब्द नाही. जुन्या विरहाच्या लावणीत स्वारीवर गेलेला पती मुका असे आणि घरी राहिलेली स्त्री बोले. अण्णा भाऊंनी ती परंपरा उलटविली आणि गेलेल्या पुरुषाला वाचा दिली, हे त्यांचे मोठे कर्तृत्व. पण उलटविताना राहिलेल्या स्त्रीची वाचा गेली. तिला मुंबईचे राज्य हवे होते की नवरा परत हवा होता, की दोन एकर पाण्याखालची जमीन मिळाली असती तर दोहोंचीही निकड उरली नसती, हे आपल्याला कळत नाही. भोजपुरीतील भिखारी ठाकूर यांच्या 'बिदेसिया' नाटकाशी तुलना करून पाहावी. तेथेही नवरा कलकत्त्यास जातो. पण मागे राहिलेली स्त्री वाटसरूबरोबर निरोप धाडते, आणि तिच्या निरोपाने नाटकाची गती बदलते. त्या नाटकात राज्य नाही, चळवळ नाही. पण राहिलेल्या माणसाचा निरोप आहे.

कोणी म्हणेल की, तीन कडव्यांच्या गाण्याकडून इतकी अपेक्षा करणे अन्याय आहे. पण ज्या गाण्याने स्वतःच पत्नीला महाराष्ट्राच्या जागी बसविले, त्याला हा प्रश्न विचारण्याचा अधिकार टीकाकारास आहे. मैना मुकी राहिली, म्हणून तिच्या जागी येणारी भूमीही मुकी राहिली: बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही नावे आली, तेथील माणसे आली नाहीत. आणि हे केवळ काव्यात घडले असे नाही. बेळगाव-निपाणीकडील मराठी माणसे महाराष्ट्र एकीकरण समितीतर्फे वर्षानुवर्षे निवडणुका लढली; महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला आणि महाराष्ट्राने तो अमान्य केला; २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. या दीर्घ काळात मुंबई-पुण्याकडील आपण लोकांनी त्यांच्या नावाने घोषणा पुष्कळ दिल्या. पण तेथल्या मराठी शाळेतल्या मुलाला आज काय हवे, हे विचारावयास आपण कितीदा गेलो? आम्ही स्वतः गेलेलो नाही, हे येथे कबूल करतो.

मग दूर राहणाऱ्याने राज्य मागू नये काय? मागावे, आमचे म्हणणे त्याने गप्प बसावे असे नाही. मुंबईचा कामगार उभा राहिला नसता तर महाराष्ट्र झाला नसता. दूरच्या माणसाजवळ पैसा असतो, भीती कमी असते आणि जगाच्या कानापर्यंत पोचण्याची सोय असते. २०२२ साली कॅनडाच्या लोकसभेने तामिळांच्या संहाराचा स्मृतिदिन एकमताने मान्य केला, तो तेथील तामिळांच्या चिकाटीमुळेच. परंतु त्याने वाटसरू व्हावे, मालक होऊ नये. निरोप राहिलेल्यांचा असावा, वाहणारे पाय त्याचे असावेत. ज्या मागणीची किंमत दुसऱ्याने मोजावयाची आहे, तिची भाषा ठरविण्याचा पहिला हक्क त्या दुसऱ्याचा आहे.

शेवटी एक आमच्या गावापुरती गोष्ट. भिवंडीच्या यंत्रमागांवर आज उत्तर प्रदेशातून, बिहारातून, तेलंगणातून आलेली माणसे राबतात. १९७० आणि १९८४ सालच्या दंगलींत हे गाव आपला कोण आणि परका कोण या प्रश्नावर जळले, हे येथील वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहे. रात्रपाळी संपवून यंत्रमागाच्या ओट्यावर बसलेला एखादा पोऱ्या हातातल्या फोनवर गावाकडच्या कोणाशी हळू आवाजात बोलताना दिसला, म्हणजे आम्हांस अण्णा भाऊंची छक्कड आठवते. मराठी कामगाराला मुंबईत जे दुःख भोगावे लागले तेच हा पोऱ्या आपल्या राज्यात भोगीत आहे. त्याचीही मैना गावावर राहिली आहे. राज्य मिळविण्याचा मार्ग आपण जगाला दाखविला, असे आपण अभिमानाने सांगतो, आणि ते सांगावे. पण मिळालेले राज्य कसे आहे, याची परीक्षा त्या पोऱ्याला ते कसे वागविते यावरूनच व्हावयाची आहे.